मातीला कोण येईल? एका नव्या कुटुंबाचं प्रकरण

पिंपरी-चिंचवडमधल्या एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, हे घडलं. जालना जिल्ह्यातून कामासाठी आलेलं एक कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर उपासनेला येऊ लागलं. नवरा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, बायको खासगी रुग्णालयात परिचारिका, चार वर्षांची मुलगी, आणि मुलीला सांभाळायला गावाहून आणलेली नवऱ्याची आई. नाताळापर्यंत ते अधूनमधून येत राहिले. जानेवारीत आजी वारल्या. मुला-सुनेनं उसनेपासने करून पैसे उभे केले, रातोरात अँब्युलन्स ठरवली आणि सहा-सात तासांचा रस्ता कापून आजींना गावी नेलं. मंडळीत कोणालाही फोन केला नाही. आम्हांला बातमी कळली ती पुढच्या आठवड्यात, त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्या एका भगिनीकडून.

आमच्या मंडळीत मयतीची सगळी व्यवस्था आहे. पेटी करणारा सुतार ठरलेला, कबर खणणारे ठरलेले, दफनभूमीचे कागद माहीत असलेली माणसं आहेत, आणि रात्री दोन वाजता फोन केला तरी ती उठून येतात. या गोष्टीचा आम्हांला अभिमान वाटत आला आहे, आणि तो खोटाही नाही. म्हणून तर पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पंचांच्या बैठकीत जो प्रश्न ठेवला तो सगळ्यांना लागला: सहा-सात महिने आपल्या बाकांवर बसलेल्या माणसांना घरात मयत झाली तेव्हा आपली आठवण का झाली नाही?

याचा शोध घ्यायचं काम माझ्याकडे आणि स्त्री मंडळातल्या दोघींकडे आलं. आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो, नंतर गेल्या दोन-तीन वर्षांत येऊन नाहीशा झालेल्या इतर काही घरांकडे गेलो. कुटुंबाच्या परवानगीनं ही नोंद लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आमची मंडळी कशी बनली

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आणि बजाज आले, आणि त्यांच्यामागून नगर, सोलापूर, जालना या भागांतले ख्रिस्ती तरुण इथं उतरले. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणाची बायको शाळेत शिक्षिका किंवा दवाखान्यात नर्स. पहिल्या प्रार्थना कंपनीच्या क्वार्टरमध्ये, कॉटवर आणि सतरंजीवर बसून झाल्या. त्या पिढीतले जे थोडे हयात आहेत त्यांना अजून आठवतं की एकाच्या घरी मूल झालं तर डबा दुसऱ्याच्या घरून जायचा, कारण सासर-माहेर दोन्ही लांब होतं.

ती सगळी माणसं वेगवेगळ्या मिशनांच्या वळणात वाढलेली होती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आलं; जालन्याकडे स्कॉटिश मिशनचं काम होतं; काही ठिकाणी अँग्लिकन. प्रत्येकाची गुडघे टेकायची, उभं राहायची, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस) घ्यायची रीत निराळी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पुष्कळ भेद कागदावर मिटले. पण सवयी गावागावांत आपापल्या राहिल्या, आणि शहरात आलेल्या माणसांनी त्या एकमेकांशी जुळवून घेतल्या. आमचे वडीलधारे त्या जुळवाजुळवीतून गेले आहेत.

त्यांच्या मुलांची लग्नं एकमेकांत झाली. आज आमच्या मंडळीत कोणतंही जुनं घर घ्या, दुसऱ्या चार घरांशी त्याची सोयरीक निघते. आमचं बळ यातूनच आलं आहे, आणि बाहेरून येणाऱ्याला पहिला अडसर लागतो तोही इथंच.

"तुम्ही कोणाचे?"

आमच्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न गावाचा. मग आडनावाचा, मग माहेराचा, मग "अमक्या पाळकांचे तुम्ही कोण?" असा. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पाच मिनिटांत धागा जुळला की माणूस आपला झाला, लगेच जेवायला या म्हणून बोलावणं होतं. नगरहून आलेली कित्येक घरं अशी एका रविवारात सामावली गेलेली मी पाहिली आहेत.

या कुटुंबाचा धागा जुळला नाही. त्यांचं गाव लहान, तिथं चर्चची इमारत नाही, भक्ती कोणाच्या तरी ओसरीवर होते आणि पाळक चार-सहा गावांतून फिरत महिन्यातून एकदा येतात. सुनेचं माहेर ख्रिस्ती नव्हतंच. नर्सिंग शिकताना ती विश्वासात आली. "माहेर कुठलं गं तुझं?" या प्रश्नाला ती गावाचं नाव सांगायची. पुढचा प्रश्न यायचा, "तिथल्या मंडळीत कोण कोण आहे?" त्यावर तिच्यापाशी उत्तर नसायचं. विचारणारी काकू हसून दुसऱ्या ओळखीच्या घोळक्याकडे वळायची. सुनेनं आम्हांला सांगितलं, "त्या वाईट वागल्या असं नाही काका. पण मी काय बोलू ते मला सुचायचं नाही, आणि त्यांनाही पुढे काय विचारावं ते कळायचं नाही."

या प्रश्नांच्या खाली आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो इथं उघड लिहिला पाहिजे. महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येनं आले ते महार आणि मांग समाजांतले लोक. बाप्तिस्म्यानं जात संपली असं आपण उपदेशात म्हणतो, आणि सोयरीक जमवताना तीच पुन्हा समोर येते. गाव आणि मिशन कळलं की जाणत्याला उरलेलं कळतं. आमच्यातल्या बहुतेकांच्या मनात हे नसतं, असं मी खात्रीनं म्हणू शकतो. पण नव्यानं आलेल्याला ते ऐकू येतं, कारण त्यानं आयुष्यभर हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेला असतो. त्या तरुणानं खाली मान घालून एवढंच सांगितलं, "गाव विचारलं की मला कळतं पुढं काय विचारणार ते."

बाकावरचे महिने

एक एक गोष्ट घेतली तर लहान आहे. सगळ्या मिळून काय होतात ते आम्हांला त्या एका खोलीच्या घरात बसून ऐकताना कळलं.

गावाकडे उपासनेला बसताना चपला बाहेर काढतात. आजी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी पायरीवर चपला काढल्या आणि अनवाणी आत आल्या. आमच्याकडे सगळे चपला-बूट घालूनच बाकांवर बसतात. बाहेर पडताना पायरीवर त्यांची एकट्याची जोडी होती. त्यांना ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या वेळी चपला घालून आत आल्या, पण प्रार्थना चालू असताना पाय बाकाखाली ओढून घेत राहिल्या.

बसायला जागा शोधताना तिसऱ्या ओळीत रिकामी जागा दिसली म्हणून ते बसले. थोड्या वेळानं एक कुटुंब आलं आणि बाजूला उभं राहिलं. कोणी काही बोललं नाही. यांना मात्र समजलं, ते उठून मागं गेले. आमच्याकडे बाकांवर नावं नाहीत, तरी कोणाची जागा कोणती हे सगळ्यांना माहीत असतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सुरू होतो तो सभेत कोणाला कुठं बसवता याच गोष्टीपासून. आम्ही तो अध्याय श्रीमंत आणि गरीब यांच्याबद्दल म्हणून वाचत आलो; तिसऱ्या ओळीबद्दल कधी वाचला नव्हता.

गीतांचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. आजींना अक्षरओळख नव्हती, पण गीतं तोंडपाठ होती. त्यांना येत होतं तेच भजन आमच्याकडे गायलं जातं, फक्त चाल वेगळी. त्यांची ढोलकी-टाळावरची, आमची कीबोर्डवरची, संथ. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्या आपल्या चालीत मोकळ्या आवाजात गायल्या. पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून पाहिलं. त्यानंतर त्यांचा आवाज कोणी ऐकला नाही. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत आणलं ते मराठी माणसाला देवाच्या घरात परकं वाटू नये म्हणून. त्याच परंपरेतलं भजन गाताना एक मराठी म्हातारी आमच्यात परकी झाली.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पुढे जावं की नाही हे त्यांना कळेना. गावी त्यांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करून प्रभुभोजनाला पात्र व्हायचा विधी) झालेलं होतं, तरी इथं काही दाखवावं लागतं का, कोणाला विचारायचं, हे माहीत नव्हतं. सगळी ओळ उठून पुढे गेली आणि हे तिघं बसून राहिले. ज्यांना त्या टेबलापाशी यायचा पूर्ण अधिकार होता ती माणसं सहा महिने लांबून पाहत होती. पाळकांनी हे ऐकलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

सभासद व्हायला जुन्या मंडळीचं बदलीचं पत्र लागतं. त्यांचे पाळक फिरतीवर, शिक्का दुसऱ्या गावी, फोनला रेंज नाही. पत्र आलं नाही आणि आमच्याकडून कोणी पुन्हा विचारलंही नाही. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलानं शेवटच्या अध्यायात किंख्रिया गावच्या मंडळीतल्या फीबी या बाईची ओळख करून दिली आहे आणि तिला लागेल ती मदत करा असं सांगितलं आहे. ते पत्र येणाऱ्या माणसासाठी दार उघडायला लिहिलेलं होतं. आमच्याकडे त्याच पत्राची वाट पाहत माणूस दारात उभा राहतो.

स्वागतासाठी आम्ही काहीच करत नव्हतो असं नाही. दोन वर्षांपूर्वी स्वागत समिती नेमली होती. नव्यानं आलेल्यांना उभं राहायला सांगायचं, नाव विचारायचं, टाळ्या, गुलाबाचं फूल, फोटो. दुपारी तो फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जायचा. त्या फोटोनं सुनेची झोप उडाली. ती प्रार्थनेला जाते हे तिच्या माहेरी तेव्हा फक्त आईला माहीत होतं. ग्रुपवर शेकडो माणसं, त्यातला कोण कोणाला ओळखतो कोणास ठाऊक.

हे तिच्यापुरतं नाही. इतर घरांत गेलो तेव्हाही सभासदांच्या यादीत नाव द्यायची भीती पुन्हा पुन्हा ऐकली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या माणसाला तो मिळत नाही, गावकुसाबाहेरचं घर आणि वाट्याला येणारी वागणूक तीच राहिली तरी. विश्वासाच्या वाटेवर कोणी अजून पहिल्या पायरीवर असतं, कोणाच्या घरात अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे असतात, कोणाला आपल्या कागदांचं काय होईल ते ठाऊक नसतं. हे सगळे गुंते स्वागताच्या टेबलावर फॉर्म पुढे सरकवून सुटत नाहीत. माणसाला आधी ओळखावं, विश्वास बसू द्यावा, मग तो स्वतः सांगतो. सोडवायला वकील लागतो की पाळक, हे तेव्हा बघता येतं.

आणि गुरुवार. भोसरी-चाकणच्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. नवरा रविवारी येऊ शकायचा तो फक्त दुसऱ्या पाळीत असला तर. सुनेच्या ड्यूट्या आठवड्याला बदलायच्या. आमच्या पंचांपैकी अर्धे लोक आयुष्यभर याच पट्ट्यात नोकरी करून निवृत्त झालेले आहेत. आणि तरी "ते नियमित येत नाहीत" असं हजेरीच्या वेळी बोललं गेलं होतं.

ती रात्र

आजींना संध्याकाळी छातीत दुखू लागलं. सुनेच्याच रुग्णालयात नेलं. रात्री साडेदहाच्या सुमारास सगळं संपलं.

मुलानं पहिला फोन गावी चुलत्यांना लावला. चुलते म्हणाले, घेऊन या. त्यानं दुसरा विचारच केला नाही असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नव्हतं. तो म्हणाला की अर्धा तास तो रुग्णालयाच्या जिन्यात बसून होता आणि आमच्या मंडळीचा विचार करत होता. त्याच्या मोबाईलवर उपासनेच्या कागदाचा फोटो होता, त्यावर कार्यालयाचा नंबर होता. त्यानं तो लावला नाही.

आम्ही कारण विचारलं. आधी तो म्हणाला, रात्र झाली होती. मग म्हणाला, "आम्ही तुमच्या यादीत न्हाई. यादीत नसलेल्याला जागा देतात का, हे मयत पुढ्यात ठेवून कसं इचारावं? न्हाई म्हणाले असते तर?" थोडं थांबून त्यानं खरं कारण सांगितलं. "जागा दिली असती तरी काय. गावात मातीला अख्खं गाव येतं. इथं माझ्या आईच्या मातीला कोण आलं असतं? आम्ही दोघं, पाळकसाहेब, आन् खड्डा खणणारे."

आमच्या बरोबर आलेल्या स्त्री मंडळाच्या ताईंनी तिथंच डोळ्यांना पदर लावला. त्या स्वतः कोणत्याही मयतीला न चुकता जातात. त्या म्हणाल्या, "अरे, मी आले असते. आम्ही पन्नास जण आलो असतो." तो म्हणाला, "आसल, काकू. पण मला ठाऊक कसं व्हावं?"

माझ्या मते सगळं प्रकरण या प्रश्नात आहे. आम्ही खरोखर गेलो असतो. आमच्याकडे माया होती, माणसं होती, पेटीचा सुतार होता. पण सहा महिन्यांत त्याला त्याची एकही खूण मिळाली नव्हती. त्याला मिळालं होतं एक फूल, एक फोटो आणि न उचललेला एक अर्ज. एखाद्या जागी आपण मेलो तर लोक येतील हा भरवसा माणसाला आधीच्या शंभर लहान देण्याघेण्यांतून येतो: कोणी आपल्या पोराला दोन तास सांभाळलं, आपण कोणाला दवाखान्यात नेलं, कोणाकडून साखर आणली, कोणाचं भांडण ऐकलं. असं काहीच घडलं नव्हतं. आम्ही त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून त्यांनाही आमच्याकडे मागता आलं नाही.

त्यांच्याच जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, हैदराबाद संस्थानाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर. नव्यानं विश्वासात आलेल्यांना तिथं घर मिळालं, शेती मिळाली, शाळा मिळाली. तशी वसाहत आज कोणी करणार नाही, करूही नये. पण त्या माणसानं ओळखलं होतं की नुसता बाप्तिस्मा देऊन माणूस निर्धास्त होत नाही, त्याला राहायला आणि मरायला जागा लागते.

काय बदललं, काय फसलं

पहिला निर्णय मयतीबद्दलचा होता आणि तो एका बैठकीत झाला. जो कोणी आमच्यात येऊन प्रार्थना करतो त्याच्या घरी मयत झाली तर ती आमची मयत. पत्र, यादी, वर्गणी हा विषय काढायचा नाही. तिघांचे नंबर दर रविवारी उपासनेच्या कागदावर छापायचे आणि महिन्यातून एकदा पाळकांनी वेदीवरून सांगायचं की दुःखात पहिला फोन इथं करा. हे ऐकायला जड वाटतं, नव्या माणसाला पहिल्या महिन्यात मयतीचं काय सांगायचं, असं काहींचं म्हणणं पडलं. अनुभव उलटा आला. घोषणेनंतरच्या रविवारी बिदरकडून आलेला एक तरुण पाळकांना थांबवून म्हणाला की त्याच्या वडिलांना डायलिसिस चालू आहे आणि हे ऐकून त्याला फार धीर आला. तो वर्षभर येत होता आणि वडील आजारी आहेत हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं.

उभं करणं, फूल आणि फोटो बंद केले. प्रभुभोजनाच्या आधी पाळक आता साध्या शब्दांत सांगतात की इतर मंडळीत दृढीकरण झालेल्यांनी निःसंकोच पुढे यावं, ज्यांचं झालेलं नाही त्यांनीही आशीर्वादासाठी यावं. दोन वाक्यांचं काम होतं. बदलीचं पत्र मागवायचं काम मंडळीच्या चिटणिसांकडे आलं. माणूस पत्र आणून देत नाही, आम्ही त्याच्या पाळकांना फोन करतो.

गुरुवारी संध्याकाळी मोशीच्या बाजूला एक लहान प्रार्थना सुरू केली. ती जुन्या सभासदांच्या बंगल्यात ठेवायची की नव्यांच्या भाड्याच्या खोल्यांत, यावर बराच खल झाला. खोल्यांत ठेवायची ठरली. पहिल्या महिन्यात फसली. घरमालकांना वाटलं, हे कसले लोक जमवताहेत; एका मालकानं खोली सोडायला सांगितली आणि आम्हांला जाऊन त्याची समजूत काढावी लागली. आता आधी मालकाला भेटून सांगतो, स्पीकर नाही, आठ-दहा माणसं, तासाभराची प्रार्थना आणि चहा. काही मालक हो म्हणतात, काही नाही म्हणतात. नाही म्हटलं तर तिथं घेत नाही, कारण त्या घराला तिथंच राहायचं असतं.

भेटी द्यायचा उत्साहही एकदा अंगावर आला. एका कुटुंबाकडे पंधरा दिवसांत चार वेगवेगळ्या लोकांनी न कळवता भेटी दिल्या. नवरा रात्रपाळी करून झोपलेला, एकच खोली, बायको पाहुण्यांना बसायला जागा करताना रडकुंडीला आली. ते कुटुंब येणं बंद झालं आणि परत आलं नाही. त्यानंतर एका घरानं एकाच नव्या घराची ओळख ठेवायची असं ठरलं. फोन करून जायचं आणि जाताना काहीतरी काम घेऊन जायचं किंवा काम सांगायचं. "कसे आहात?" एवढंच विचारायला जाणारा माणूस दोघांनाही अवघडून टाकतो.

शोध घेताना एक गोष्ट अनपेक्षित निघाली. जुन्या सभासदांतल्या एक विधवा आजी आमच्यावर रागावल्या. "नव्यांना कोण विचारतं याची चौकशी करताय. मला तरी कोण विचारतं? मुलगा दुबईला, गेल्या पावसाळ्यात मी पडले तेव्हा शेजारच्या मारवाडी बाईनं उचललं." त्यांचं नाव यादीत आहे, नवरा पंच होता, तिसऱ्या ओळीत त्यांची जागा आहे. म्हणजे आमच्यातल्या जुन्यांचंही एकटेपण आम्हांला दिसत नव्हतं.

त्या विधवा आजी आणि या कुटुंबातली परिचारिका सून यांची गाठ स्त्री मंडळानं घालून दिली. आजी दुपारी मुलीला सांभाळू लागल्या. परिचारिका त्यांचा रक्तदाब बघते, औषधांचे डबे लावून देते, दवाखान्यात बरोबर जाते. दोन महिन्यांत आजींच्या मुलाचा फोन आला, घरात कोणालाही घेऊ नको, कोणाचा काय भरवसा. आजींनी काही दिवस मुलीला बोलावलं नाही. परिचारिकेला ते फार लागलं आणि तिनं प्रार्थनेला येणं थांबवलं. पाळक मुलाशी फोनवर बोलले, मग तो सुट्टीत आला तेव्हा त्यानं स्वतः त्या घरी जाऊन भेट घेतली. आता मुलगी पुन्हा आजींकडे जाते. त्या मुलाच्या मनातून शंका पूर्ण गेली आहे असं मी म्हणणार नाही. पण महिन्याला त्याचा एक फोन परिचारिकेला येतो, आईची तब्येत विचारायला.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत हाच तंटा झाला होता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी तक्रार आली. सात जण नेमले गेले आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. शेवटचा, अंत्युखियाचा निकलाव, जन्मानं यहूदीसुद्धा नव्हता. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. आमची स्वागत समिती जुन्या घरांतल्या प्रेमळ, कामसू माणसांची होती आणि त्यांतल्या एकालाही आठवत नव्हतं की अनोळखी मंडळीत बसायला कसं वाटतं. नवी समिती केली तेव्हा पाचातले तीन जण गेल्या तीन वर्षांत आलेले घेतले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की दाराशी उभे राहणाऱ्यांनी गाव आणि माहेर विचारणं बंद करावं. राहता कुठं, पाळी कोणती, परत जायला बस मिळते का, हे विचारावं. काही ज्येष्ठांना हे पटलेलं नाही. गाव विचारू नये म्हणजे काय, असं ते म्हणतात, आणि त्यांची तळमळ मला समजते. त्यांच्या तरुणपणी याच प्रश्नानं त्यांना इथं भाऊ मिळवून दिले होते. मी त्यांना इतकंच म्हणतो की विचारा, पण दहाव्या भेटीत.

जालन्याच्या त्या कुटुंबातला तरुण ढोलकी उत्तम वाजवतो हे आम्हांला घरी गेल्यावर भिंतीवर टांगलेल्या ढोलकीवरून कळलं. हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे उपकार मानायच्या उपासनेला) त्याला भजन बसवायला सांगितलं. त्यानं आईच्या चालीतलं भजन बसवलं. गायनमंडळातल्या काहींनी चाल चुकीची आहे असं म्हटलं. आमच्या संगीतशिक्षकांनी दोन्ही चाली एकामागून एक गाऊन दाखवल्या आणि दोन्ही जुन्या आहेत हे सांगितलं. आता महिन्यातून एक रविवार त्या चालींचा असतो. ज्यांना आवडत नाही ते त्या दिवशी जरा कमी आवाजात गातात. वाद तिथंच थांबला.

त्याच्या वारलेल्या आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला मंडळीतले तेरा-चौदा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून जालन्याला गेले. खर्च जाणाऱ्यांनी वाटून घेतला. गावच्या ओसरीवर प्रार्थना झाली, चुलत्यांनी सगळ्यांना जेवू घातलं, आणि त्या भागातले फिरते पाळक तिथंच भेटल्यामुळे बदलीच्या पत्रांचा अडकलेला विषय जागीच सुटला. फक्त याच घराचा नाही, त्या तालुक्यातून आमच्याकडे आलेल्या आणखी तिघांचा.

अजून न सुटलेलं

नवरा आता रीतसर सभासद आहे. पत्नीनं अर्ज दिलेला नाही आणि आम्ही विचारत नाही. तिच्या माहेरच्यांना हळूहळू कळलं आहे. भाऊ एकदा तिच्याबरोबर येऊन मागच्या बाकावर बसून गेला.

दफनभूमीचा प्रश्न मात्र कठीण आहे. जागा संपत आली आहे. जुन्या घरांच्या कौटुंबिक कबरी आहेत आणि त्यांना वाटतं, ठराविक मुदतीनंतर त्याच कबरीत पुन्हा दफन करायचा हक्क आपला असावा. नव्यांना सगळ्यांना जागा द्यायची म्हणजे कौटुंबिक कबरींची पद्धत बंद करून ओळीनं येईल त्याला पुढची जागा, असा नियम करावा लागेल. म्हणजे माझ्या आईवडिलांशेजारी मला जागा मिळेलच असं नाही. "पहिला फोन आम्हांला करा" असं वेदीवरून सांगितलं आहे, तर याशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नाही. ठराव येत्या वार्षिक सभेत मांडला जाईल. विरोध मोठा आहे आणि विरोध करणारे माझेच सोयरे आहेत. मी ठरावाच्या बाजूनं बोलणार आहे.